खाचेत अडकलेले तीळ

मंजे, करवत पोचली. काल दुपारी श्रीरंगने ती ट्रॉलीवर घातली, वर जुनी चादर बांधली आणि तुमच्या ब्लॉकपासून आमच्या ब्लॉकपर्यंत उन्हातून ढकलत आणली. दारातच उभा राहून म्हणाला, "शुभा, ही तूच ठेव. मला बघवत नाही." चहा घेऊन जा म्हटलं तर नको म्हणाला. तुझा नवरा चहाला नको म्हणाला, यावरून काय ते ओळख.

आता ती माझ्या स्वयंपाकघरामागच्या यार्डात, वॉशिंग मशीनशेजारी आहे. मी समोर स्टूल टाकून बसलेय आणि मला तुझ्याशी भांडायचंय. ऐकत असशील तर ऐक, नसशील तरी ऐक. नाहीतरी आपलं असंच चालायचं. मी तोंडाचा पट्टा सोडायचा आणि तू गालातल्या गालात हसत दगड कापायचा.

लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत गं. "किती शांत होत्या मंजिरीताई", "कधी कुणाला त्रास म्हणून दिला नाही". मी मान हलवते आणि मनात म्हणते, डोंबलाचं! मी दर वेळी संगमनेरला माहेरी निघाले की हीच शांत बाई मला फर्मान काढायची, "प्रवरेच्या पात्रातून गारगोट्या आण, बाहेरून बटाट्यासारख्या दिसतील त्याच आण." एका वर्षी इथल्या एअरपोर्टवर माझी बॅग उघडायला लावली. वर भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि खाली नुसते दगड. तो ऑफिसर विचारतोय, "स्टोन्स? फॉर वॉट?" आणि मी तोंड वासून उभी. तुला फोन लावला तर म्हणालीस, "सांग त्याला, फॉर कटिंग. खोटं कशाला बोलायचं?" त्याने दगडांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जा म्हणाला. घरी येऊन तुला एवढ्या शिव्या घातल्या, तर तुझं लक्ष सगळं पिशवीत.

आपल्या दोघींच्या इथे राहायच्या पासवर काय लिहिलेलं असायचं? डिपेंडंट. नवऱ्यावर अवलंबून. तू भूगर्भशास्त्रात एमएस्सी, मी बीकॉम, आणि दोघी या परक्या देशात, चोआ चू कांगच्या मार्केटमध्ये गवारीच्या शेंगा निवडत उभ्या. तिथेच तर भेटलो. "गवार जून आहे, घेऊ नका," असं तू मागून म्हणालीस आणि मी वळून बघितलं. मराठी ऐकून माझा जीव भांड्यात पडला होता. पुढे वर्षभरात तू मला या करवतीच्या नादाला लावलंस.

बुकित तिमाहच्या एका काँडोतली बाई देश सोडून चालली होती, तिच्याकडून आपण ती आणली. टॅक्सीत मांडीवर घेऊन. केवढीशी ती, टेबलावर मावणारी. दोन चाकांवरून फिरणारी बारीक पट्टी, तिच्यावर हिऱ्याची पूड बसवलेली, आणि खाली पाण्याचा ट्रे. दात नाहीतच तिला. तू पहिल्याच दिवशी चालू पट्टीला बोटाचं टोक टेकवून दाखवलंस आणि मी किंचाळले. बोटाला काही झालं नाही. "बघ, कातडीला फार काही करत नाही," तू म्हणालीस, "पण दगडाला सोडत नाही. तू मात्र बोट लावू नकोस, तू रेटशील." शेजारच्या चिनी आंटीने करवतीचा आवाज ऐकून दारात येऊन विचारलं होतं, "यू कट फिश आह?" मार्केटात गोठलेले मासे असल्याच मशीनवर कापतात ना! तू तिला चिरलेला दगड दाखवलास, आत मधाच्या रंगाच्या रेघा. आंटी म्हणाली, "वाह, कॅनॉट ईट, बट सो नाइस." त्यानंतर तिने आवाजाची तक्रार केली नाही.

मला तू शिकवलंस, आणि मी कधी नीट शिकले नाही. मला घाई. दगड पट्टीला लावला की मी रेटायची. पट्टी वाकायची, किरकिरायची, पाणी तोंडावर उडायचं. तू मागून माझ्या कोपरावर दोन बोटं ठेवायचीस. "रेटू नकोस गं. तिला खाऊ दे." एवढंच. आणि वळणावर असताना दगड मागे ओढायचा नाही, नाहीतर पट्टी चाकावरून उतरते. आत शिरलं की पुढेच जायचं, हा तुझा नियम. मी म्हणायची, "दगडापेक्षा वीट मऊ, आपण विटाच कापू." तू हसायचीस, पण बोटं उचलायची नाहीस.

माझ्या नवऱ्याचा, मिलिंदचा, पास या वर्षी रिन्यू होणार नाही, आम्हाला पुण्याला परत जावं लागणार, हे तुला सांगायला मी तुमच्याकडे आले तो दिवस आठवतो? तू तशीच उठलीस, शेल्फवरून ती प्रवरेची गारगोटी काढलीस, आपण दोन वर्षं 'हिचं काहीतरी खास करू' म्हणून जपलेली, आणि मार्करने तिच्यावर रेघ ओढायला लागलीस. नागमोडी. "एक अर्धा तुझा, एक माझा," म्हणालीस. मी म्हटलं, अगं मग सरळ काप की, वळणावर फुटली तर? त्यावर तू जे काही चिडलीस! तुला चिडलेलं मी एकदाच पाहिलं, ते तेव्हा. "सरळ तर ब्रेडसुद्धा कापतात. वळणाने कापली की या दोन तुकड्यांना जगात दुसरा जोडीदार नाही. कुठूनही आणून लाव, बसणार नाही." मी म्हटलं, "बाई, तू म्हणशील तसं. फुटली तर मला सांगू नकोस."

तू निम्म्याच्या पुढे नेलीस. सुरेख चालली होती. पहिलं वळण उतरली, दुसऱ्याला लागली. आणि मग तू मशीन बंद केलंस, पाठीला हात लावलास आणि म्हणालीस, "आज पाठ फार भरून आलीय. उरलेलं उद्या." बंद मशीनमधून तू तो दगड किती हळू मागे घेतलास. बाळाच्या तोंडातून बोंडलं काढावं तसा. मग ट्रेच्या कडेला ठेवलास.

ते उद्या आलंच नाही. पाठ म्हणता म्हणता पोट निघालं, पोट म्हणता म्हणता नोव्हेनाचं हॉस्पिटल, आणि नोव्हेनाच्या त्या गार खोलीत डॉक्टरांनी असा काही शब्द उच्चारला की श्रीरंग खुर्चीत बसल्या बसल्या म्हातारा झाला.

आता भांडणाकडे येते. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक उपचार करून बघता येईल. फार आशा नाही, पण बघता येईल. तू नको म्हणालीस. मी त्या दिवशी तुझ्या पलंगाशी उभी राहून तुला काय काय बोलले! की पळपुटी आहेस. की तुझी इरा अजून शाळेत आहे. की माझ्या आत्तेला पण असंच सांगितलं होतं आणि ती अजून लोणची घालते. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मग म्हणालीस, "रेटू नकोस गं, शुभा. पट्टी तुटते." मी म्हटलं, "माणूस म्हणजे दगड आहे का?" तू म्हणालीस, "म्हणूनच." एवढंच बोललीस आणि कूस बदललीस. मी तरातरा खाली गेले, फूडकोर्टमधून तुझ्यासाठी सोयाबीनचं दूध घेतलं, वर आले तर तू झोपली होतीस. ते दूध मीच प्यायले, रडत. आणि मंजे, ऐकून ठेव, मी अजूनही म्हणते, माझंच बरोबर होतं. करायला हवं होतंस. एक महिना जास्त मिळाला असता. एक महिना! तुला काय माहीत एक महिना म्हणजे काय? मला विचार.

मंडई भागातल्या क्रिमेटोरियममध्ये सगळे जमले होते. आपले गुरुजी, तेच, आठवडाभर बँकेत सॉफ्टवेअर आणि शनिवार-रविवारी सत्यनारायण.  विधी सुरू झाले, आणि ते म्हणाले, "अश्मा आणलाय ना?" मडकं फोडायला दगड लागतो ना गं, तोच. मग दहा दिवस गेलेल्या माणसाचा जीव त्याच दगडात आहे असं मानायचं, त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. आपल्याकडे स्मशानात उचलायला दगडांचा दुष्काळ नसतो. इथे? या देशात रस्त्यावर एक दगड सापडेल तर शपथ. सगळीकडे गवत, तेही विंचरल्यासारखं.

श्रीरंगने खिशात हात घातला. म्हणाला, "आणलाय. घरात होता तो आणला." आणि मूठ उघडली.

आपली गारगोटी. तुझ्या मार्करची रेघ अजून दिसत होती. आणि ती खाच, दोन वळणांची, अर्ध्यावर थांबलेली.

त्या बिचाऱ्याला काय माहीत? त्याला सगळे दगड सारखेच. 'मंजूचे दगड'. ट्रेच्या कडेला सगळ्यात वर होता, हाताला लागला, उचलला. तुझा हात शेवटचा लागलेला दगड म्हणून मुद्दाम घेतला असेल, तर तेही खरंच की. माझ्या तोंडातून "नको" बाहेर पडणारच होतं. पण त्याचा तो हात, मंजे. मूठ उघडली होती, पण बोटं दगड सोडेनात. मी ओठ दाबून धरले आणि गुरुजींनी आपल्या दोघींच्या गारगोटीने मडक्याला भोक पाडलं.

तिथे एका बाईंनी मला विचारलं, "आपण कोण त्यांच्या?" म्हटलं, मैत्रीण. "अच्छा," म्हणाल्या आणि तुझ्या चुलतनणंदेकडे वळल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवायला. त्या चुलतनणंदेला तुझं माहेरचं नाव तरी माहीत होतं का? मी घरी आले, आंघोळ केली, आणि संपलं. मैत्रिणीचं सुतक नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंदचा डबा केला, मशीन लावलं, फ्लॅट रिकामा करायचा म्हणून खोकी आणली. मला कुणी म्हटलं नाही की तू बस, तू काही करू नकोस, तुझं माणूस गेलंय.

पिठलं-भात घेऊन मी रोज तुमच्याकडे जात होते. अश्मा तुमच्या यार्डात, करवतीशेजारीच ठेवला होता, पांढऱ्या फडक्यात. घरात आत ठेवत नाहीत ना. मी डबा ठेवायची आणि त्या फडक्याकडे बघत राहायची. त्यात तू होतीस म्हणे. असशीलही. पण त्यात माझा अर्धाही होता, आणि तो दहाव्याला समुद्रात जाणार होता. महिनाअखेर मी पुण्याला जाणार, हातात तुझं काय घेऊन? फोनमधले फोटो? त्या सगळ्या फोटोंत तू खाली मान घालून दगड बघतेयस.

दहाव्याच्या आदल्या दिवशी मला राहवलं नाही. श्रीरंगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शुभा, आधी का नाही बोललीस? मी दुसरा आणला असता." मग त्याने स्वतःच गुरुजींना फोन लावला. स्पीकरवर. बदलता येत नाही, गुरुजी म्हणाले, अश्मा हरवला तर सगळं पुन्हा करावं लागतं. मग मीच विचारलं. म्हटलं, गुरुजी, तो अर्धा कापलेलाच आहे. उरलेला कापला, एक भाग पाण्यात सोडला आणि एक मी ठेवला, तर?

पलीकडे पोथीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "शुभाताई, हे शास्त्राला आजवर कुणी विचारलेलं नाही. मी हो म्हणू शकत नाही. आणि तुम्हाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही." फोन ठेवला. श्रीरंग म्हणाला, "तिचं आणि तुझं होतं ते. तूच ठरव." आणि तो बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी ट्रेमध्ये पाणी भरलं. फडकं सोडलं. करवत सुरू केली. तोच तो आवाज, शेजारच्या आंटीच्या माशांचा. दगड हातात घेतला, खाच पट्टीसमोर धरली. मला येत होतं, मंजे. तू नसताना पहिल्यांदाच, पण येत होतं. बोटभरच तर राहिलं होतं. एक वळण.

मागे इरा येऊन उभी होती. तुझी लेक, जिला मराठीत विचारलं तर आयुष्यात कधी मराठीत उत्तर दिलं नाही. त्या दिवसांत मलाच सांभाळत होती, "मावशी, यू ईट फर्स्ट, लाह," म्हणत. ती दगडाकडे बघत होती. आणि चक्क मराठीत म्हणाली, "मावशी, आईला दुखेल का?"

मी म्हटलं, "नाही गं, वेडे, दगड आहे तो." असं म्हटलं आणि हात पुढे जाईना. पट्टी फिरतेय, पाणी उडतंय, आणि माझा हात जागच्या जागी. मी, जिने जन्मभर सगळं रेटलं, नवऱ्याला रेटलं, तुला मरणाच्या दारात रेटलं, मला ते बोटभर अंतर पुढे जाता येईना. मी करवत बंद केली. दगड पुसला, फडक्यात बांधला आणि इराच्या हातात दिला. मग तिथेच फरशीवर बसून इतकी रडले की तुझ्या पोरीने मला पाणी आणून दिलं. आई तिची गेली होती आणि पाणी ती मला देत होती.

दहाव्याला समुद्रावर गेलो. दूर जहाजं रांगेत उभी. घरच्यांचं झाल्यावर गुरुजी म्हणाले, "शुभाताई, या. तुम्हीही तिलांजली द्या." तुझी चुलतनणंद काहीतरी पुटपुटली, पण ते म्हणाले, "मित्रांनाही अधिकार आहे." देव त्यांचं भलं करो. मी ओंजळीतून पाणी सोडलं. दगडावरून पाणी वाहिलं, अगदी करवतीवर वाहायचं तसंच, खाचेत शिरलं, वळण घेऊन खाली उतरलं. पण तीळ अडकले. काळे तीळ, तू कापलेल्या वळणात, ओळीने. मी नखाने काढायला गेले, तुला खाच स्वच्छ लागते ना, गाळ राहिलेला खपत नाही. गुरुजी हळूच म्हणाले, "राहू द्या." मग श्रीरंग कमरेइतक्या पाण्यात गेला आणि त्याने तो सोडला. आवाजसुद्धा झाला नाही.

तर हे माझं भांडण. एक अर्धा तुझा, एक माझा, असं ठरलं होतं. रेघ तू ओढलीस. शब्द तू दिलास. आणि दोन्ही अर्धे घेऊन गेलीस. मी इथून काय नेऊ, मंजे? माझं काय राहिलं?

काल करवत आली तेव्हा, खरं सांगते, मला एकदम आठवलं. ट्रेमधला गाळ! आपण कापतो तेव्हा पट्टीच्या जाडीएवढा दगड ना या तुकड्यात राहतो ना त्या तुकड्यात, तो पूड होऊन खाली पाण्यात बसतो. तूच शिकवलंयस. त्या दिवसानंतर तू काहीच कापलं नव्हतंस. म्हणजे त्या दोन वळणांचा दगड तळाशी असणार. चमचाभर का होईना, असणार. श्रीरंगची पाठ वळली न वळली तोच मी चादर ओढून काढली, ट्रे बाहेर घेतला.

स्वच्छ. चकचकीत. लिंबाच्या डिशवॉशचा वास येत होता. देताना बरं दिसावं म्हणून त्याने ट्रे घासून, पुसून, कोरडा करून दिला होता. एवढा चांगला माणूस, मंजे, कुणावर चिडू?

मघाशी मी त्यात पाणी भरलं. खोकी बांधायची पडलीत, मिलिंदचे दोन फोन येऊन गेले, पण मी पाणी भरलं आणि करवत सुरू केली. लावायला दगड नव्हता. नुसतेच हात धरले, दगड धरल्यासारखे, आणि तुझं ते राहिलेलं वळण घेत गेले. सावकाश. कोपर सैल ठेवून. एकदा वाटलं, कोपरावर दोन बोटं टेकली. वळून नाही पाहिलं. रेटत नाहीये गं, मंजे. बघ ना, अजिबात रेटत नाहीये.